मोठीच्या टेस्टची तयारी

३ जून
शाळेतून चिठ्ठी. मोठीची उंची-वजन वर्गात सगळ्यात कमी, डॉक्टरांना दाखवा म्हणे. कमाल आहे! मी स्वतः बायकोच्या कानापर्यंत येतो. खाण तशी माती, त्यात डॉक्टर काय करणार? मोठी नऊ वर्षांची, धाकटी सात. धाकटी दोन बोटं उंच झालीय हे खरं, पण ती आजोळावर गेलीय. तिचे आखूड झालेले फ्रॉक मोठीला होतात, म्हणजे सोयच झाली.

९ जून
हिला सुट्टी नव्हती, म्हणून मीच मोठीला मुलांच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. बाईंनी विचारलं तेवढं पोरीनं सगळं सांगितलं. पोट फुगतं, जुलाब होतात, जिना चढताना धाप लागते. घरी एवढं कधी बोलत नाही. बाईंनी कागदावर वाढीची रेघ काढली. तीन वर्षं जवळजवळ आडवीच.
सीलिॲक असू शकतं म्हणाल्या. गव्हातला एक घटक आतड्याला सोसत नाही, मग खाल्लेलं अंगी लागत नाही. मी म्हटलं, हा गोऱ्या लोकांचा आजार. त्या म्हणाल्या, आपल्याकडे कुणी तपासत नाही म्हणून सापडत नाही. याच आठवड्यात ब्लड टेस्ट करा. तोपर्यंत पाव-बिस्किटं अजिबात बंद करायची नाहीत, असं दोनदा बजावलं.

१० जून
अठरा वर्षं क्लास चालवतोय, एक पोर नापास नाही. आणि माझी मुलगी तयारीशिवाय परीक्षेला बसणार? इथे तर पेपरच फुटलाय. गहू! तेवढा धडा गाळला की झालं. 'बंद करू नका' वगैरे सूचना सर्वसाधारण विद्यार्थ्यांसाठी असतात.
निर्धार: आजपासून गहू बंद. टेस्ट ऑगस्टमध्ये. हिला सांगितलं, डॉक्टरांनीच बंद करायला सांगितलंय आणि लॅबचा नंबर उशिराचा मिळाला. याला खोटं म्हणत नाहीत, नियोजन म्हणतात. ही आत गेल्यावर मोठी हळूच म्हणाली, बाई तर उलटं म्हणाल्या होत्या. तिला समजावलं की हुशार मुलं उलट प्रश्न विचारत नाहीत.

२८ जून
भात, अंडी, बटाटे. धाकटीनं बंड केलं. तिची बिस्किटं क्लासच्या कपाटात खडूंच्या खोक्यांमागे लपवली. सहा मीच खाल्ली. घरात मोह नको.

१९ जुलै
मोठी तीन मजले न थांबता चढली. जुलाब बंद. आज भात परत मागितला! दाराला लोखंडी दांडा बसवून रोज दहा मिनिटं लटकायला लावतो, त्याचा गुण. हिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिलाही दांड्याचं महत्त्व समजावून सांगितलं.

२५ ऑगस्ट
रिपोर्ट आला. नॉर्मल. पास! डॉक्टरबाईंना दाखवायची गरज वाटत नाही. मोठा केक आणला, उद्यापासून पोळ्याही सुरू. मोठीनं दोन तुकडे खाल्ले.

१४ सप्टेंबर
तिसरा दिवस जुलाब. शाळेतून फोन. हवा बदलली की होतं असं. हिनं विचारलं, गहू पुन्हा सुरू केल्यापासूनच ना हे? म्हटलं, त्याचा काय संबंध? हिनं उद्याची रजा टाकली.

१५ सप्टेंबर
तिघं डॉक्टरबाईंकडे. शाळेच्या नोंदीत दिसलं की मधल्या अडीच महिन्यांत वजन दीड किलो वाढलं होतं. तीन वर्षांत पहिल्यांदा. आता पुन्हा उतरलंय. बाईंनी विचारलं, त्या काळात काय वेगळं केलंत? मोठीनं सांगितलं, तारखांसकट.
गहू बंद असला की रक्तात खूण उरत नाही म्हणे. म्हणजे टेस्ट फुकट. आता आणखी दोन महिने रोज गहू खायचा, मग पुन्हा रक्त, लागलं तर नळी घालून तपासणी. मी म्हटलं, राहू दे टेस्ट, गहू कायमचा बंद करतो. बाई म्हणाल्या, जन्मभराचं पथ्य आहे, अंदाजावर नाही लावत. टेस्ट जूनमध्येच केली असतीत तर आज उपचार चालू असते. वाढीची वर्षं थांबून राहत नाहीत.
घरी आल्यावर ही एवढंच म्हणाली, "पोरीसमोर तरी खोटं बोलायचं नव्हतंत."
हिचं बरोबर आहे. फार वाईट वाटतंय.

२२ सप्टेंबर
सकाळी ब्रेडचे दोन स्लाइस. ही देत नाही, मलाच द्यावे लागतात. मोठी मुकाट्यानं खाते. मग पोट धरून पायरीवर बसते. आज बघवेना. म्हटलं, एक दिवस राहू दे, कुणाला कळणार आहे?
ती म्हणाली, "नको बाबा. या वेळी मला नापास व्हायचंय ना?"
हो म्हटलं. तिनं दुसरा स्लाइस मागितला. दिला.