आईची बियाण्याची कोठी

लिमा, ६ ऑगस्ट

ती. बाबांना सा. न. वि. वि.

दिवस भरत आलेत, डॉक्टरीणबाईंनी जिना उतरायलाही मनाई केलीय. म्हणून गच्चीवर पिंपात लावलेल्या आईच्या बटाट्यांपाशी बसून असते. पण मेलं इथलं धुकं! पानांवर काळे डाग पडलेत, खालून पांढरी बुरशी. आई असती तर उपाय सांगून वर दोन शिव्या दिल्या असत्या. तुम्ही शिव्या वगळून सांगा. गावी कोठीतलं तिचं बटाट्यांचं बियाणं कसं आहे? जेवता ना वेळेवर?

आपली लाडकी,
निल्दा

वायरापाता, १५ ऑगस्ट

चि. निल्दास अनेक आशीर्वाद.

करपा आहे तो. पाला बुडापासून काप, जाळून टाक, पाणी तोड. बटाटे लगेच उकरू नकोस, साल घट्ट होऊ दे.

शेतातलं मला विचार पोरी, कोठीतलं तुझी आईच जाणे. ती गेल्यापासून दार उघडलेलं नाही. पुरुष आत गेला की बियाणं रुसतं, आणि परक्या बाईचा हात तिला कधी खपला नाही. आता फटीतून कुजका वास येतोय. मी बाहेर नुसत्या येरझाऱ्या घालतो. येतेस का गं?

तुझा,
बाबा

लिमा, २३ ऑगस्ट

ती. बाबांना सा. न.

कशी येऊ हो या पोटानं? तुम्हीच जा. आईचा घागरा नेसा, तिची टोपी घाला. अंधारात बियाण्याला काय कळतंय? नाही फसलं तर निदान आई तरी हसेल. नासलेले आधी बाहेर काढा, उरलेले कोरड्या गवतावर पसरा. मी पाला कापला. मातीखाली काय उरलंय देव जाणे. माझ्यावर रागावू नका, पण जाच.

निल्दा

वायरापाता, २ सप्टेंबर

चि. निल्दास आशीर्वाद.

घागरा कमरेला पुरेना, सुतळीनं बांधला. शेजारची सबीना बघून फिदीफिदी हसली, मग तिलाच रडू फुटलं. धरणीमातेला कोकाची पानं वाहून आत गेलो. सगळा ढीग नासलाय गं. तळापर्यंत हात घातला, नुसता चिखल. वास आला तेव्हाच गेलो असतो तर मूठभर तरी वाचलं असतं.

आता तिचं बियाणं जे काय आहे ते तुझ्या पिंपात. सांभाळ. मुलगी झाली तर ही कोठी तिची.

तोवर रिकामी आहे. रिकाम्या कोठीत पुरुषानं बसलेलं चालतं. रोज संध्याकाळी जाऊन बसतो. घागरा नेसून नाही, मांडीवर घेऊन.

म्हाताऱ्यावर माया असू दे.

बाबा