सातव्या महिन्यातलं ग्रहण

आई, तू मला जे विचारलं होतंस त्याचं उत्तर मिळालं. तू जाऊन बरीच वर्षं झाल्यावर मिळालं, म्हणजे वरातीमागून घोडं, पण मिळालं. ते तुला लिहायला बसले आणि पहिल्याच ओळीला भाषेशी अडले. पुण्याच्या मराठीत लिहावं तर तू म्हणणार, "काय वं, मायसंग बी पुस्तकातलं बोलून राहिली का?" आणि वऱ्हाडीत लिहावं तर इतकी वर्षं इथल्या मुलींना पदार्थविज्ञान शिकवून माझी जीभ अशी घासली गेली आहे की 'मले-तुले' लिहिताना नाटकात काम केल्यासारखं वाटतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी वर्गात एकदा "काहून हसून राहिल्या?" असं तोंडातून निसटलं, तर मुली आणखीच हसल्या. तेव्हापासून जपून बोलायला लागले आणि जपता जपता ते बोलणंच गेलं. खाण्याचं मात्र तसं झालं नाही. आमटीत गूळ घालायला मी शिकले, घरच्यांसाठी घालतेही, पण माझी वाटी गूळ पडायच्या आत बाजूला काढते. मंडईत आंबाडी दिसली की पिशवीत येतेच. ज्वारीच्या कण्या घालून शिजवते, वरून लसणाची फोडणी ओतते, सगळं तू करायचीस तसंच. तरी ती तुझी होत नाही. घरातले म्हणतात छान झाली आहे. त्यांना काय ठाऊक.

मी आठएक वर्षांची असेन. आपण अमरावतीला होतो, बाबांची वकिली नुकती बरी चालायला लागली होती, आणि वऱ्हाड तेव्हा नागपूरवाल्यांच्या मध्यप्रांताला जोडलेला होता. त्या वर्षी संक्रांत आणि सूर्यग्रहण एकाच दिवशी आलं. आत्या, म्हणजे बाबांची थोरली बहीण, आपल्या घरचं चालतंबोलतं पंचांग. तिने आदल्या दिवशीच तिळगुळाच्या बरणीत, लोणच्यात, तुपात तुळशीची पानं टाकून ठेवली. सकाळपासून चूल थंड. पोरांना वेध नसतात म्हणून मला दुधात मळलेली कालची दशमी आणि दूध मिळालं, पण सणाच्या दिवशी घरात फोडणीचा वास नाही हे मला ग्रहणापेक्षाही भयंकर वाटलं होतं. तुला सातवा महिना होता. माझ्यानंतर इतक्या वर्षांनी राहिलेलं ते मूल, त्यामुळे आत्या नेहमीपेक्षाही कडक. तिने तुला धान्याच्या कोठीत पाटावर बसवलं आणि दारात उभं राहून सांगितलं, "काई चिरू नको, शिवू नको, निजू नको. अन् सूर्याकडं पाहाचं तं नावच नाई. लेकराचा ओठ फाटते." मग मला तुझ्या सोबतीला आत ढकललं, दार लावलं आणि दाराच्या फटीत धडुतं कोंबलं.

आत तुरीचा आणि ज्वारीचा कोरडा वास. तू भिंतीला टेकून बसली आहेस, हात पोटावर, ओठांनी जप पुटपुटते आहेस. कोठीला वर एक झरोका होता, त्याला घासलेटच्या डब्याचा पत्रा ठोकलेला होता आणि पत्र्याला खिळ्याचं एक भोक राहून गेलं होतं. आत्याने दाराची फट बुजवली, पण एवढ्या उंचावरच्या भोकाकडे तिचं लक्ष कुठून जाणार. त्या भोकातून रोज दुपारी उजेडाचा एक गोल ठिपका जमिनीवर पडायचा, रुपयाएवढा, आणि सरकत सरकत पोत्यांवर चढायचा. मी तो रोज पाहिलेला, तूही. त्या दिवशी मी जोंधळ्याचे दाणे मांडून काहीतरी खेळत होते आणि तू जप मध्येच थांबवून हळूच म्हणालीस, "इकडं ये वं. गंमत पाह."

ठिपका गोल नव्हता. भाकरीचा कुणी लचका तोडावा तसा एका अंगाने खाल्लेला होता. आपण पाहत होतो तसतसा लचका मोठा होत गेला. तू पुढे वाकलीस, पोटामुळे तुला नीट वाकता येत नव्हतं, आणि तळहात त्या उजेडाखाली धरलास. तुझ्या हातावर कोयरीच्या आकाराचा सूर्य. मग माझा हात धरून तो माझ्या हातावर घेतलास. बाहेर रस्त्यावर "दे दान, सुटे गिऱ्हाण" असा पुकारा चालला होता, ओसरीवरून आत्याच्या स्तोत्राचा आवाज येत होता, आणि आपण दोघी आत तोंडाला तुझा पदर लावून हसत होतो. मी घाबरून विचारलं, पाहायचं नसतं ना? तू म्हणालीस, "म्या कुठी पाह्यलं त्याले? तोच आला घरात." आणि थोड्या वेळाने, "कोनाले सांगजो नको."

मी सांगितलं नाही. संध्याकाळी सगळ्यांच्या आंघोळी होऊन एकदाची चूल पेटली, तेव्हा बाबा जेवताना सांगत होते की काजळी धरलेल्या काचेतून त्यांनी पाहिलं, सूर्याला घास उजवीकडून लागला. मी तोंड उघडलं होतं, नाही, डावीकडून, म्हणायला. तू वाढता वाढता माझ्याकडे एकदा नुसतं पाहिलंस आणि मी तोंडात तिळाचा लाडू कोंबला. पण तो उलटा घास डोक्यात बसला तो बसलाच. बारीक भोकातून उजेड आला की चित्र उलटं पडतं, हे पुढे शाळेत मास्तरांनी फळ्यावर काढून दाखवलं तेव्हा सगळ्या वर्गात मी एकटीच अशी होते की जिने ते आधी हातावर घेतलेलं होतं. मी विज्ञानाकडे गेले ती काही मास्तरांमुळे नाही.

शिमग्याच्या सुमाराला बाळ झालं. मुलगा. त्याचा वरचा ओठ मधोमध फाटलेला होता. त्याला अंगावर ओढता येईना, तू कापसाच्या बोळ्याने त्याच्या तोंडात दूध पिळायचीस आणि ते नाकातून बाहेर यायचं. थोड्याच दिवसांत ते गेलं. आत्या दुष्ट नव्हती, आज मला ते कळतं, तीही ओसरीवर बसून रडली. पण रडता रडता म्हणाली, "काईतरी पाह्यलं असंल हिनं. नाई तं असं कसं होईल?" तू मान वर केली नाहीस. मी खांबामागे उभी होते. तू माझ्याकडेसुद्धा पाहिलं नाहीस. उन्हाळाभर आपण अकोल्याला तुझ्या माहेरी जाऊन राहिलो. तिथे शेजारी अत्तरवाल्यांचं घर होतं, त्यांच्या घरातली म्हातारी रोज भिंतीवरून काहीबाही वाटीतून द्यायची आणि म्हणायची, "खा ले बेटी, तेरा क्या कसूर." तू वाटी घ्यायचीस, धुऊन परत करायचीस.

आपण परत आलो, घर चालू लागलं, तू स्वयंपाकात होतीस तशीच सुगरण राहिलीस. पण आई, त्यानंतर तू मला कधी गंमत पाहायला बोलावलं नाहीस. त्याआधी तर सारखी बोलवायचीस. पापडखार पडला की पीठ कसं पिवळं होतं ते पाह, मोहरी तडतडून किती लांब उडते ते पाह, सरड्याचा गळा पाह. मला भाऊ गेल्याचं दुःख झालं की नाही ते आठवत नाही, तो मला नीट कळलाच नव्हता. मला बोलावणारी तू गेलीस, त्याचं झालं. अजून होतं.

नागपूरला कॉलेजात होते तेव्हाची ती सुट्टी. वैशाखातल्या उन्हात आपण माडीवर सरगुंडे करत बसलो होतो. तू कणकेची बारीक वळी काडीवर गुंडाळत होतीस आणि मी काड्या ओढून घेऊन सुपात वाळत घालत होते. मध्येच, वर न पाहता, तू विचारलंस, "तू एवढं सायन्स शिकून राहिली, तं मले एक सांग. भोकातून आलेला उजेड बी लागते का?" बारा वर्षांत त्या दिवसाबद्दल तो पहिला शब्द. मी हातातलं सूप खाली ठेवलं. मी म्हटलं, नाही लागत, आई. उजेड म्हणजे उजेड, रोज येतो तोच, त्या दिवशी फक्त थोडा कमी आला. तू काडी फिरवत राहिलीस. "मंग त्याचा ओठ काहून तसा?" मी खरं तेच सांगितलं, की ते मला माहीत नाही, आमच्या पुस्तकात नाही. "हं," तू म्हणालीस, "म्हंजे तुमाले बी माईत नाई." आणि पुढची वळी उचललीस. दुपारी आमरसाबरोबर सरगुंडे वाढलेस तेव्हा माझ्या ताटात जास्त वाढलेस. पुन्हा तो विषय काढला नाहीस. मीही काढला नाही, कारण माझ्याकडे सांगायला नवीन काही नव्हतं.

तर ते उत्तर. मी निवृत्त व्हायच्या थोडी वर्षं आधी आमच्या शाळेत एक डॉक्टरीणबाई मोठ्या मुलींना माहिती सांगायला आल्या होत्या. पोटातलं मूल महिन्यामहिन्याला कसं वाढतं त्याची चित्रं त्यांनी फळ्यावर टांगली. मी मागे उभी, मुली खुसखुसल्या तर डोळे वटारायला. बाई सांगत होत्या, ओठाचे दोन भाग तिसरा महिना लागायच्या आत जुळतात. जुळले तर जुळले, नाही तर फट राहते. मी मागून विचारलं, आणि सातव्या महिन्यात काही झालं तर? त्या हसून म्हणाल्या, "सातव्यात ओठाचं काय व्हायचंय, बाई? तो केव्हाच झालेला असतो." का होतं, हे त्यांनाही धड सांगता येईना. पण केव्हा, ते सांगता आलं. आई, तू तो उजेड हातावर घेतलास तेव्हा त्याचा ओठ फाटलेलाच होता. दिवाळीच्याही आधीपासून. ग्रहण आलं काय, गेलं काय, तू पाहिलंस काय, न पाहिलंस काय, काही फरक पडणार नव्हता. मुली निघून गेल्या, शिपाई खुर्च्या उचलायला आला, तरी मी तिथेच. मला तशीच अमरावतीची गाडी धरून तुझ्याकडे यायचं होतं. कोठीच्या दारात उभं राहून ओरडून सांगायचं होतं, आत्यालासुद्धा. आणि अमरावतीत कुणीच उरलं नव्हतं.

आता इतकं लिहिलंच आहे तर पुढचंही सांगते. मागल्या फेब्रुवारीत मोठं ग्रहण झालं. आख्खं पुणं दारं लावून बसलं, रस्त्यावर कुत्रं नाही. माझी मुलगी तेव्हा माझ्याकडे आली होती आणि त्याच सकाळी तिने मला दिवस गेल्याचं सांगितलं होतं, दुसरा महिना. दुपारी ती चाळणी घेऊन निघाली. "चल गच्चीवर, तूच तर शिकवलंस, वर नाही पाहायचं, खाली सावलीत पाहायचं." मी गेले. गच्चीभर चाळणीच्या भोकांचे शेकडो अर्धे सूर्य पडले, ती लहान पोरीसारखी ओरडली, मी शेजारी उभी राहून हसले. पण मनातल्या मनात महिने मोजत होते. ज्या हिशेबाने तुला सोडवलं होतं, तोच हिशेब माझ्या मुलीवर येऊन बसला. सातव्यात ओठाचं काही होत नाही. दुसऱ्यात होतं. उजेडाने होत नाही, हे मी आयुष्यभर शिकवलेलं आहे, आणि मला ते त्या दिवशीही ठाऊक होतं. ठाऊक असून काही उपयोग झाला नाही. तिला खाली चल म्हणायचं तोंड नव्हतं आणि पाहा म्हणायची छाती नव्हती. पुढचे सगळे महिने मी तिला हवं ते करून घातलं आणि मनातली धास्ती कुणालाही, अगदी जावयालाही, कळू दिली नाही. तू त्या कोठीतून बाहेर आल्यापासून शिमग्यापर्यंत असेच दिवस काढलेस का गं? मला एकदा विचारायला हवं होतं.

मुलगी झाली. दवाखान्यात नर्सने दुपटं माझ्या हातात दिलं तेव्हा खाटेवरून माझी मुलगी दमलेल्या आवाजात म्हणाली, "आई, कुणासारखी आहे गं?" मी म्हटलं, "अगदी तुझ्या आजीसारखी." तिला इतकं बरं वाटलं की ती रडायलाच लागली. ती आता सगळ्यांना तेच सांगते, पणजीसारखी आहे म्हणून. हा कागद मी तिला दाखवणार नाही, आणि तुला पाठवायचा तर कुठे. तुला म्हणून सांगते, मी तोवर बाळाचा चेहरा पाहिलाच नव्हता. नुसता ओठ पाहिला होता.