डॉक्टरबाईंच्या गाडीतल्या चार बॅटऱ्या

६ फेब्रु. १९५६, सोम.
फिरत्या दवाखान्याची बस तळवड्यात अडकली. डॉक्टरबाईंनी दुपारभर आतले दिवे, पंखा लावून पेशंट तपासले. निघताना बॅटरी उतरलेली, स्टार्टर नुसता कण्हला. गावातल्या माणसांनी ढकलली तेव्हा सुरू झाली. वायरिंग माझं. ड्रायव्हर गणपतराव एक शब्द बोलले नाहीत. ते जास्त लागलं.

७ फेब्रु.
दवाखाना चालवणाऱ्या ट्रस्टचे सेक्रेटरी म्हणाले, "दिवे काढून टाका, शिंदे. गाडी चालली पाहिजे."
डॉ. बाई त्याच गाडीत राहतात. स्वयंपाक, झोपणं, सगळं तिथंच. म्हणाल्या, "दिव्याशिवाय मी पोरांच्या घशात काय बघू?"
मी म्हणालो, इंजिनाच्या बॅटरीला हात लावायचा नाही, दिव्यांना वेगळ्या बॅटऱ्या देतो. सेक्रेटरींनी रविवारपर्यंत मुदत दिली. बोलून तर बसलो.

९ फेब्रु., गुरु.
पिंपरीत भंगारवाल्याकडे मिलिटरीच्या लॉरीतल्या चार बॅटऱ्या मिळाल्या, सहा व्होल्टच्या. दोन-दोन जोडून बारा. बाईंच्या बिछान्याखाली लाकडी पेटीत बसवल्या. वाफ बाहेर जायला वरच्या कडेतून गाडीबाहेर नळी. इंजिन चालू असेल तेव्हा डायनामो सगळ्या बॅटऱ्या भरणार. गाडी उभी राहिली की ग.रावांनी खटका पाडायचा, मग इंजिनाची बॅटरी अलग. दिवे, पंखा, पाण्याचा पंप, प्रत्येकाला निराळा फ्यूज.

१० फेब्रु.
पंपाचा फ्यूज तीनदा उडाला. जेवलो नाही. शेवटी सापडलं: पत्र्याच्या कडेला घासून वायर उघडी पडलेली. रबरी नळी चढवली. पंप चालला. बाईंनी हात धुतले, मग उगाच पुन्हा धुतले.

१२ फेब्रु., रवि.
चाकणच्या पुढे एक वाडी. सेक्रेटरी सोबत. पोचतो तर एका घरची सून कालपासून बाळंतपणात अडलेली. खोलीला खिडकी नाही, भर दुपारी काळोख. गाडी दारापर्यंत जाईना. असेल नसेल ती वायर जोडून दिवा आत नेला. दिवा मीच धरला, तोंड भिंतीकडे करून. हात भरून आला, पण खाली केला नाही.
अडीच तास. दिवा मंद झाला नाही. मुलगी झाली.
आईचं रक्त थांबेना. बाई म्हणाल्या, "पुण्याला, आत्ता." खाट सेक्रेटरींनीही उचलली. ग.रावांनी स्टार्टर दाबला.
पहिल्याच झटक्यात सुरू.
पिंपरी आली. मग ग.राव म्हणाले, "शिंदे, सोमवारी फार वाईट वाटलं होतं मला, तुमच्यासाठी."

१४ फेब्रु., मंगळ.
आई धोक्याबाहेर. सासू पुण्याच्या इस्पितळाच्या पायरीवर बसलेली. मला म्हणाली, "उजेडवालं तुमीच न्हवं? नात लई गोरी हाय."
सेक्रेटरींनी बोलावलं. ट्रस्टच्या दुसऱ्या गाडीची किल्ली माझ्या हातात दिली, तिलाही असेच दिवे लावायला.
डॉ. बाईंना आता लसीसाठी थंड पेटी हवी, याच बॅटऱ्यांवर. हिशेब करून पाहिला. डायनामो पुरत नाही. पुन्हा केला, तरी नाही.
बिछान्याशेजारच्या जागेचं माप मात्र घेऊन आलोय.