तिकीट रद्द करण्याचा सराव

जवाहर नगर, जयपूर

चि. संकेत,
अनेक आशीर्वाद.

शनिवारी माझी इंग्रजीची परीक्षा. पास झालो की व्हिसा, आणि मग कायमचं तुझ्याकडे टोरांटोला. तू हौसेनं क्लास लावून दिलास, म्हणून नेमानं जातो.

बोलण्यात मी कुणाला हार जात नाही. दुकानात पर्यटकांचं ऐकून ऐकूनच इंग्रजी शिकलो. गिऱ्हाईक 'जस्ट लुकिंग' कुठल्या सुरात म्हणतं, त्यावरून ते घेणार की नाही हे मला कळतं. वर्गात ही गोष्ट मी सगळ्यांना ऐकवलीये. अडतं ते पत्रांत.

काल मॅडमनी दोन पत्रं लिहायला दिली. औपचारिक: विमानाचं तिकीट रद्द करा. अनौपचारिक: परदेशातल्या मुलाला तुम्ही येताय असं कळवा. पहिलं मी एका दमात लिहिलं. दुसरं 'डिअर संकेत'च्या पुढे सरकेना. मॅडम म्हणाल्या, "अंकलजी, आप भी जस्ट लुकिंग?"

सगळे हसले, मीही हसलो. तेव्हापासून घरात नुसत्या येरझाऱ्या घालतोय. आई गेल्यापासून तू रोज विचारतोस, "बाबा, मतलब, एकटे किती दिवस राहणार?" तुझा सूरही मला ऐकू येतो रे, म्हणून जीभ अडते. पण सकाळी शटर वर केलं की शेजारचा रफीक ओरडतो, "आज देर कर दी, सेठ!" तिथे टोरांटोत माझी अशी वाट कोण बघेल?

हे पत्र पाठवायचं नाही. संध्याकाळी तुझा फोन येईल, त्याचा सराव आहे. मॅडम म्हणतात, मुद्दा पहिल्या ओळीत हवा. आपल्याकडे तो शेवटी सापडतो.

तुझा
बाबा

ता. क. मी येत नाहीये, राजा. फोन उचलल्यावर आधी हेच बोलेन.