दिवेवालं मशीन

३ तारीख, सोमवार
सिम्युलेशनसाठी नवा कॉम्प्युटर निवडायचं काम साहेबांनी माझ्यावर सोपवलं. योग्य माणूस निवडला. आम्ही दवाखान्यांसाठी खाटा डिझाइन करतो. वजनदार पेशंट बसला तर सांगाडा कुठे वाकेल, हे खाट बनवण्याआधी कॉम्प्युटरवर कळायला हवं. बजेट तुटपुंजं.
संकल्प: सखोल अभ्यास. जाहिरातींना भुलायचं नाही. नातेवाइकांना तर नाहीच.

४ तारीख, सकाळी
आमच्याकडे एक नवी इंजिनियर मुलगी आली आहे. सगळे तिला नवीच म्हणतात. महिनाअखेर तिची नोकरी पक्की व्हायची आहे. म्हणाली, सर, मेमरी भरपूर घ्या, ग्राफिक्स कार्ड साधं चालेल, डबा पत्र्याचा असला तरी हरकत नाही. पोरगी हुशार आहे. दृष्टी नाही.

४ तारीख, संध्याकाळी
मेहुण्याच्या दुकानावरून जात होतो, सहज डोकावलो. तो गेम खेळणाऱ्यांना कॉम्प्युटर विकतो. काचेच्या पेटीत एक मशीन निळं-जांभळं उजळत होतं. मेहुणा म्हणाला, भाऊजी, हे बाकीच्यांना दाखवतसुद्धा नाही मी. भुललो नाही. फक्त ॲडव्हान्स दिला.

७ तारीख
मीटिंग. नवीने मेमरीचं पालुपद लावलं. मग मी उभा राहिलो. काय बोललो! मेमरी म्हणजे गोदाम, ग्राफिक्स कार्ड म्हणजे इंजिन. नुसती गोदामं बांधून कुठला समाज पुढे गेला आहे? टाळ्या. नवीने आपली वही मिटली.
दुकान मेहुण्याचं आहे हे सांगायचं राहिलं. मुद्दाम नव्हे. भाषणाच्या ओघात बसत नव्हतं.

१२ तारीख
मशीन आलं. सगळे बघायला जमले. हिशेबवाल्या बाई म्हणाल्या, अगदी मत्स्यालय आहे हो, मासे कधी सोडताय? अडाणीपणा.

१३ तारीख
नवीने अख्खी खाट मशीनवर चढवली. पंखे घोंघावले, दिवे नाचले, आणि पडद्यावर आलं: मेमरी अपुरी. ती म्हणाली, सर, आपलं गणित त्या कार्डावर चालतच नाही, ते नुसतं बसून आहे. मी म्हटलं, पहिलाच दिवस आहे त्याचा.

१४ तारीख
पुन्हा तेच. साहेबांनी विचारलं, काय अडलंय? मी म्हणालो, मशीन उत्तम आहे, हाताला सवय व्हायला हवी. कोणाच्या हाताला, ते बोललो नाही. साहेबांनी नवीकडे पाहिलं. तेही मी सांगितलं नव्हतं.
घरी जेवण गेलं नाही. हिने विचारलं, माझ्या भावाने फसवलं का तुम्हाला? मी म्हटलं, छे. ही म्हणाली, मग तुम्हीच कोणाला तरी फसवलं असणार, उगाच कुणी ताटावरून उठत नाही.

१७ तारीख
प्रायश्चित्त! मशीनमध्ये आहेत तशाच मेमरीच्या दोन पट्ट्या पदरमोड करून आणल्या. झाकण उघडलं. पट्ट्या बसवायच्या खाचा दोनच, दोन्ही भरलेल्या. मेहुणा म्हणाला, भाऊजी, पाकीट फोडलंत ना, मग परत नाही घेता येणार. नात्यात व्यवहार आणू नये माणसाने.
पट्ट्या कपाटात, मोज्यांखाली.

२१ तारीख
नवी गुपचूप जुन्या मशीनवर जाऊन बसली होती. खाट तिने मधोमध कापली. डावी-उजवी बाजू सारखीच, तेव्हा अर्धीच सोडवली तरी पुरते म्हणे. जुन्या डबड्यावर उत्तर आलं! साहेबांना वाटलं, नव्या मशीनची किमया. सगळ्यांदेखत माझी पाठ थोपटली. नवी समोरच होती. तिला बोलायला मी पुरेसा वेळ दिला. ती बोलली नाही. मी तरी काय करणार?

२४ तारीख
साहेब म्हणाले, मशीन एवढं राबतंय तर दुसरा इंजिनियर कशाला पोसायचा? नवीला महिनाअखेर मोकळं करू.
संकल्प: उद्या सगळं सांगायचं. मेहुणा, मेमरी, अर्धी खाट, सगळं.

२५ तारीख
गेलो. छातीवर हात ठेवून म्हणालो, साहेब, श्रेय एकट्या मशीनचं नाही, त्या पोरीचंही आहे. साहेब खुर्चीवरून उठले. माझे दोन्ही हात धरले. म्हणाले, हाताखालच्या माणसासाठी आजकाल कोण शब्द टाकतो हो? तुमचं मन फार मोठं आहे. निर्णय मात्र झालाय.
पुढचं वाक्य अगदी ओठांवर होतं. तेवढ्यात चहा आला.

२८ तारीख
नवीला म्हटलं, मी तुझ्या बाजूने बोललो बरं का. तिने विचारलं, काय बोललात? मी सांगितलं. ती म्हणाली, आणि बाकीचं? मला एक फोन करायचा होता.

३१ तारीख
नवीचा शेवटचा दिवस. निरोपाचं भाषण मीच केलं. विषय: सत्य आणि तंत्रज्ञान. हिशेबवाल्या बाई रडल्या. नवीने बॅग भरली, सगळ्यांचा निरोप घेतला, जुन्या मशीनवरची धूळसुद्धा पुसली.

४ तारीख
नव्या खाटेचं काम आलं. या खाटेला कठडा एकाच बाजूला. साहेब म्हणाले, तुमचं मशीन आहेच, संध्याकाळपर्यंत द्या.
मेमरी अपुरी.
अर्धी कापून पाहिली. भलतंच उत्तर. शेवटी नवीला फोन लावला. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. म्हणाली, सर, ही दोन्हीकडे सारखी नाही, अर्ध्यावर भागणार नाही. साहेबांना काय ते पूर्ण सांगा आणि दुसरं मशीन मागा. मी विचारलं, नोकरी लागली का कुठे? म्हणाली, शोधतेय.
उठलो. साहेबांच्या केबिनपर्यंत गेलो. काचेतून त्यांनी हसून खूण केली, या ना. मी म्हटलं, काही नाही, सहज.
परत येऊन बसलो. मशीन निळं होतं, जांभळं होतं, पुन्हा निळं होतं. उजेड सारखा तोंडावर येतो. हे दिवे बंद कसे करायचे, तेवढं नवीला विचारायचं राहिलं.