मुसीतले तांबडे दगड

कार्तिक शुद्ध तृतीया, १९४९. अंबरपेठ.
आले बाई एकदाची हैदराबादेत! मी सांगते, सूनबाई विमल लिहिते. मला श्रीसुद्धा ओळखू येत नाही. घर ऐन मुसी नदीच्या काठावर. निजाम गेला, नवं सरकार आलं, त्यात माझ्या लेकाला, नरहरला, नवी नोकरी : नदी तळाशी किती रेती वाहून नेते, त्याचा अंदाज काढायचा. दगडांना तांबडा रंग लावून पात्रात ठेवतो, मग कोणता किती खाली सरकला ते बघतो. म्हटलं, एवढं शिकून शेवटी दगडच रंगवलेस! विमल हसते आहे. हसू नको, लिही.

षष्ठी.
लेक दिवसभर पाण्यात. शेजारणी तेलुगू, मी बोलते, त्या माना डोलावतात. म्हशीसुद्धा डोलावतात. करमेना म्हणून नदीवर गेले. तांबडा दगड दिसला की माझा हात कुठला राहतोय? हळदकुंकू वाहिलं, म्हटलं, बाई गं, माझ्या पोराला जरा घरी बसव. नरहर चिडला. म्हणे, आई, तो नुसता रंग आहे.

नवमी.
दगड खाली जायचे ते वर आलेत. प्रवाहाच्या उलटे. सगळे आमच्या दाराखाली. नरहर म्हणतो, पोरांचा खोडसाळपणा. पण जेवला नाही.

एकादशी.
नरहर कामावर गेला नाही. पाय जड झालेत म्हणतो. उंबऱ्यावर बसलाय. विमल त्याच्याभोवतीची रेती झाडते. झाडली की पुन्हा तेवढीच.

द्वादशी.
नरहर जागचा हलत नाही. आम्ही दोघींनी ओढून पाहिलं. अंग गार, ओलं. शेजारची पद्मावती हळदीचं ताट घेऊन आली — त्याच्या पायांना हळद लावली. मी तिचा हात धरला. म्हणाली, नक्को अम्मा, मांगे सो वापस नै होता. मागितलेलं परत करता येत नाही म्हणे.

त्रयोदशी.
नदीवर जाऊन नाक घासलं. म्हटलं, पोर हिंडू दे, मी एकटी राहीन — जन्मभर एकटी —
घरी आले तर नरहरचं कपाळ तांबडं. कुणी लावलं? विमल म्हणते, मी नाही.

चतुर्दशी.
त्याचे डोळे मिटत नाहीत. आता दारात रांग — नारळ, बायका — माझ्या लेकापुढे —
विमल, तो हाक मारत नाहीये. ओठ बघ, हलले का? मग आवाज कुठून — नको, उठू नको. लिही. मी सांगते ते लिही. माझ्याकडे बघ, पोरी, दाराकडे नाही, तुझे पाय — रेती