माझो भाव गेलो

नवी दिल्ली,
१४ जून

तीर्थरूप गोकुळदासदादास,

धाकट्या सुदेशचा साष्टांग नमस्कार. तुझा खोकला कसा आहे? वहिनी वेळेवर पेज देते ना?

शपथ टीव्हीवर पाहिली असशील. सुर्ल्याचा ट्रक ड्रायव्हर केंद्रात राज्यमंत्री झाला, मला अजून खरं वाटत नाही. स्टिअरिंग धरायला तूच शिकवलंस. इथे बंगला आहे, शिपाई आहे, पाव मात्र नुसता कापूस. आपल्या पोदेराच्या भट्टीतल्या कडक उंड्यांची आठवण येते. फोनच केला असता, पण माझा फोन आता चारजण उचलतात.

दादा, पेडण्याच्या सभेत मी ओरडलो होतो, "ह्या खाणीच्या धुळीन माझो भाव गेलो!" भाऊ गेला म्हणजे तू कामातून गेलास, तुझी फुफ्फुसं गेली, एवढंच मला म्हणायचं होतं. पण समोरच्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मग प्रत्येक सभेत मी तेच बोललो आणि रडलोही, खरंखुरं रडलो. लोकांनी मतं दिली ती तुलाच रे!

आता सोमवारी चॅनेलवाले आपल्या घरी येणार आहेत. पत्र घेऊन आलेला सर्वेश आपल्या पक्षाचाच मुलगा. तू रविवारीच त्याच्या गाडीतून सर्वणला माझ्या सासुरवाडीला जा. गाव गप्प राहील. सगळ्यांचे ट्रक दारात उभे आहेत, बंद खाणी पुन्हा सुरू व्हायला त्यांना मी हवा आहे. तुझ्या फोटोला हार सर्वेश घालेल, तू त्यात पडू नकोस.

दिल्लीच्या इस्पितळाचं तू विचारलं होतंस. मी चौकशी केली, डॉक्टर चांगले आहेत. पण तिथे नाव लिहावं लागतं, आणि मंत्र्याचा भाऊ म्हटल्यावर बातमी होणारच. ते आता या जन्मी जमायचं नाही. श्वास फारच लागला तर साखळीच्या सरकारी दवाखान्यात दाखव, पण माझा भाऊ म्हणून सांगू नकोस.

वाचून झालं की हे पत्र सर्वेशकडेच परत दे.

आणि वहिनीने मात्र घरीच थांबायचं. चॅनेलवाल्यांना तिच्याशी बोलायचंय. फार काही नाही, कुंकू पुसायचं आणि मंगळसूत्र काढून ठेवायचं. तासाभराचा प्रश्न आहे. तिला हे सांगायला माझी जीभ रेटत नाही. तू तिचा नवरा आहेस, तूच सांग.

तुझ्यामुळेच मंत्री झालेला,
तुझा धाकटा,
सुदेश